अण्णांची तिवई

गुरपादअण्णा उभ्याने कुठलीही वस्तू विकत घेत नसत. मग ती गिरणीसाठी घ्यायची केरसुणी असो की घरासाठी माठ. वस्तू जिथं वापरायची तिथं जायचं, आपली तिवई मांडायची, तिच्यावर बसायचं आणि नुसतं बघत राहायचं, अशी त्यांची रीत होती. तिवई बाभळीची, तीन पायांची, बसून बसून मधे खोलगट झालेली. गिरणीतला शिपाई ती त्यांच्यामागून नेऊ लागला की ते त्याच्या हातून काढून घेत आणि स्वतःच्या काखेत मारत. "माझं बसणं मीच वाहणार," म्हणत.

सोलापुरात आमच्या गिरणीच्या भांडाराचे ते मुख्य होते. खिळ्यापासून यंत्राच्या सुट्या भागापर्यंत जे काही विकत यायचं ते त्यांच्या होकारानं. मुंबईहून येणारे कंपन्यांचे एजंट जिना चढायच्या आधी शिपायाला विचारत, "अण्णा उभे आहेत की बसलेत?" उभे असले तर एजंट चहा पिऊन परत जात. बसले असले तर आशा असे, कारण अण्णा बसले म्हणजे विचार सुरू झाला.

उंच, किडकिडीत माणूस. अंगात काळा कोट, खाली धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि इंग्रजी फक्त वाचायला. कुणी फार बोलू लागलं की "इरली, इरली" म्हणत, म्हणजे असू दे, असू दे. समोरचा गप्प होईपर्यंत ते म्हणत राहायचे.

त्यांच्या या बसण्याची एक गोष्ट साऱ्या गिरणीला ठाऊक होती. मुलीसाठी अक्कलकोटचं एक स्थळ आलं. मुलाचं कापडाचं दुकान. अण्णा सकाळच्या गाडीनं तिकडे गेले, पण मुलाच्या घरी गेलेच नाहीत. दुकानासमोर पानवाला होता, त्याच्या कडेला तिवई मांडून दिवसभर बसले. संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. गिऱ्हाईक काही न घेता गेलं तरी तोंड वाकडं करत न्हाई. पुन्हा तेवढ्याच हौसेनं घड्या घालतो."

"ते झालं. दिसायला कसा आहे?"

अण्णा विचारात पडले. "ते बघायचं राहिलं की."

लग्न झालं आणि मुलगी सुखात राहिली. जावई दिसायलाही बरा होता, पण ते अण्णांना लग्नमंडपात कळलं.

मी बी.ए. होऊन परत आलो तेव्हा मला नोकरी दिली ती अण्णांनी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, माढ्याजवळच्या खेड्यातून गिरणीत आले आणि कापूस पिंजणाऱ्या खात्यात साध्या कामगारापासून जाबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांचे मुकादम, झाले. आबा मला घेऊन अण्णांकडे गेले आणि दाराशीच उभे राहिले. अण्णांनी मला कचेरीत न नेता थेट भांडारात नेलं, तिवई पुढे केली आणि म्हणाले, "हितं बसा. जे दिसतंय ते इंग्रजीत लिहून आणा."

मी जीव ओतून लिहिलं. कॉलेजात निबंधाला शाबासकी मिळत असे, त्याच थाटात. अण्णांनी चष्मा सारखा करून कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"यात ढग आलेत," ते म्हणाले. "आमच्या भांडारात ढग कुठनं आले?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"दोरखंडाचं एक वेटोळं भिजलंय, ते तुम्हाला दिसलं न्हाई. वरनं कौल फुटलंय, तेबी दिसलं न्हाई. ढग मात्र दिसले." मग आबांकडे वळून म्हणाले, "ग्यानबा, पोरगं हुशार हाय. वर बघतंय अजून. खाली बघायला शिकवू." आणि दुसऱ्या दिवसापासून मी इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून झालो. आबांना ते अरे-तुरे करत आणि मला, त्यांच्या मुलाला, अहो-जाहो. हाकही नावानं नाही, "काय हो बी.ए.!" अशी. त्यात थट्टा होती, पण आबांना ती हाक फार आवडायची. अण्णांनी ती खात्यात सगळ्यांदेखत मारली की आबा उगीचच यंत्राचा पट्टा तपासायला वाकत आणि हसू लपवत.

आबांच्या त्या खात्याविषयी सांगायला हवं. पिंजणीच्या यंत्रातून कापूस निघतो तो साईसारखा पातळ पापुद्रा होऊन, आणि मग त्याचा दोरासारखा पेळू वळतो. बघायला फार सुंदर. पण त्या कामात रुईची बारीक धूळ उडते आणि ती कुठं जात नाही. भुवयांवर बसते, पापण्यांवर बसते, नाकातोंडातून आत जाते. पापुद्रा वाऱ्यानं फाटतो म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या. सोलापूरचा वैशाख, आणि खिडक्या बंद. सुट्टी झाली की त्या खात्यातली माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होऊन बाहेर येत.

त्या वर्षी आबांचा खोकला वाढला. आधी सोमवारी यायचा, सुट्टीनंतर खात्यात पाऊल टाकलं की. मग रोजचा झाला. भिंतीला उशी लावून बसल्याशिवाय त्यांना झोप येईना. घरासमोरचा छोटा चढ चढताना ते मधे थांबत, आणि थांबल्याचं कळू नये म्हणून शेजाऱ्याच्या शेळीची चौकशी करत. त्या शेळीची इतकी चौकशी तिच्या मालकानंही केली नसेल.

गिरणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर खातं बदला, नाहीतर खात्यातली हवा बदला."

मी आबांना म्हटलं, आता मी मिळवतो आहे, तुम्ही सोडा. अण्णांनी फाटकावर पहारेकऱ्याची जागा बघितली. आबांनी दोघांनाही उडवून लावलं.

"मी पिंजणीचा जाबर हाय. फाटकावर बसून मोटारीला सलाम मारू व्हय?"

"अरे, जिवंत राहिलास तर मारशील की सलाम!" अण्णा म्हणाले.

"मरंना का. आवाज ऐकून सांगतो मी कुठल्या यंत्राचं काय दुखतंय ते. फाटक काय बोलणार हाय माज्यासंगं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत तिवई मारून अण्णा पिंजणखात्यात गेले आणि सबंध पाळी तिथं बसले. बाहेर आले तेव्हा काळा कोट पांढरा झाला होता. कोट न झटकताच ते मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय हवंय?"

"वारा," अण्णा म्हणाले.

साहेब माणूस वाईट नव्हते. पंखे घ्यायला त्यांनी लगेच होकार दिला. प्रश्न आला तो कुठले घ्यायचे याचा. दोन तऱ्हेचे पंखे तेव्हा मिळत. एक दुकानं, कचेऱ्या, नाटकगृहं यांच्यासाठी केलेला. दुसरा कारखान्यासाठी. पहिल्याचा एजंट नमुना घेऊनच आला. पितळी पाती, वर जाळी, आवाज इतका मऊ की पंखा चालू आहे हे अंगाला वारा लागल्यावरच कळायचं. एजंट तरुण होता, बोलायला गोड. साहेबांच्या टेबलाशी त्यानं पंखा लावला तेव्हा साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोळे मिटून ते म्हणाले, "हेच घ्या."

दुसऱ्याचं फक्त चित्र आलं होतं. काळा, बिडाचा, बोजड, दुप्पट किमतीचा. पाती जाड, आणि मोटार लोखंडी पेटीत बंद केलेली. साहेब चित्र बघून म्हणाले, "हा पंखा आहे की जातं?"

"साहेब, नमुना एक दिवस आमच्या खात्यात बसू दे," अण्णा म्हणाले. "मीबी बसतो."

तो पितळी पंखा पिंजणखात्याच्या भिंतीला लागला. कामगार खूश. आबांच्या हाताखालचा नरसय्या, पद्मशाली समाजातला तेलुगू गडी, पंख्यासमोर सदरा फुगवून उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, ये तो महाबळेश्वर हो गया!" अण्णा तिवईवर बसले होते ते बसूनच राहिले.

पहिली गोष्ट झाली ती यंत्रावर. वाऱ्याच्या झोतात येणारा पापुद्रा फाटू लागला आणि आबा इकडून तिकडे धावू लागले. दुसरी, जमिनीवर बसलेली धूळही उठून हवेत आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पितळी पात्यांना रुईची दाढी फुटली होती. दुपारी मोटारीच्या फटींतून रुई आत गेली, पंखा मंदावला आणि जळका वास आला. नरसय्यानंच धावत जाऊन बटण बंद केलं. कापसाच्या खात्यात जळका वास म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं.

एजंट ओशाळला. "रोज पुसायचा, अण्णासाहेब. जरा निगा राखली तर..."

"इरली, इरली. तुमचा पंखा वाईट न्हाई हो," अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तो वारा देतो. आम्हाला वारा नेणारा पाहिजे. दुकानात धूळ कमी आणि माणसं थोडा वेळ, तिथं हा राजा हाय. हितं धूळ हीच गिऱ्हाईक, आणि ती सकाळी येते ती भोंगा होईपर्यंत जात न्हाई. अशा जागी मोटार बंद पेटीत पाहिजे, न्हाईतर तीच खोकायला लागते, आमच्या ग्यानबासारखी."

त्यांनी त्याच्याकडून दोन पंखे घेतलेसुद्धा, साहेबांच्या खोलीला आणि आम्हा कारकुनांच्या कचेरीला. एजंट बिचारा खूश होऊन गेला. आणि खात्यासाठी त्यांनी त्या काळ्या जात्यांची मागणी माझ्याकडून लिहून घेतली. साहेबांनी सही करताना एवढंच म्हटलं, "गुरपादप्पा, हे जमलं नाही तर दसऱ्यानंतर परत पाठवायचे. आणि मग तुमच्या ग्यानबाला फाटकावर बसावं लागेल, त्याला आवडो न आवडो. डॉक्टरांचं पत्र माझ्याकडे आलंय."

पंखे भाद्रपदात आले. खात्याच्या एका टोकाच्या भिंतीत मोठी भोकं पाडून ते बसवले. हवा आतून ओढून बाहेर टाकायची, असं त्यांचं काम. सुरू झाले तेव्हा घुंगाट झाला, आणि बाकी काहीच झालं नाही. अंगावर झुळूक नाही. घाम तसाच. धूळ तशीच. नरसय्यानं सदरा फुगवायचा प्रयत्न केला, तो फुगला नाही.

"अण्णा, ह्यो पंका हाय का बैलाची डुरकणी?" आबा म्हणाले. ते हसले आणि हसता हसता खोकल्यानं वाकले.

कामगार उघड नाराज झाले. पितळी पंखा त्यांनी चाखला होता. "अण्णानं आमच्या तोंडचा वारा काढला आन् कारकुनास्नी दिला," असं लोक बोलू लागले, आणि ते खोटंही नव्हतं. कचेरीत माझ्या डोक्यावर पितळी पंखा फिरत होता. आबांचा खोकला मला जिन्याखालून ऐकू यायचा आणि मला तो वारा नकोसा व्हायचा. अण्णा मात्र त्या दिवसांत बसलेले दिसले नाहीत. हात मागे बांधून भांडारात येरझारा घालत. मी त्यांना इतके दिवस उभं कधी पाहिलं नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणी थांबते. यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, आणि प्रत्येक खात्याचा जाबर धुपाटणं हातात घेऊन एकेका यंत्रापुढे धूप फिरवतो. यंत्रं बंद असली तरी नवीन पंखे त्या दिवशी चालू ठेवले होते, कारण त्यांची ती पहिली पूजा होती आणि साहेब स्वतः येणार होते. अण्णा आले आणि बऱ्याच दिवसांनी खात्याच्या मधोमध त्यांनी तिवई मांडली.

आबांनी पंख्यांच्या बाजूनं सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन यंत्रांपुढे धूर उठला की वळून पंख्यांकडे जाई. मग आबा पुढे सरकले. तिथं धूर सरळ वर गेला. शेवटच्या टोकाला, जिथं आबांची रोजची जागा होती, तिथं धूर वर जाऊन छताखाली लोंबकळत राहिला. आबांना ठसका लागला, धुपाटणं हलू लागलं.

"थांब ग्यानबा!" अण्णा ताडकन उठले. "मागं फीर."

सगळे दचकले. पूजा अर्ध्यात थांबवायची? मागं कुणीतरी पुटपुटलं, "ह्ये काय अभद्र?" साहेबांनीही भुवया वर केल्या. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते पंख्यांच्या भिंतीकडे बोट दाखवत होते.

"त्या खिडक्या कुणी उघडल्या?"

पंख्यांच्या अगदी लगतच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या.

"आमीच की," आबा म्हणाले. "पंका वारं देईना, मग म्हटलं खिडकीतनं तरी येऊ दे. तितं यंत्र न्हाय, पापुद्रा फाटायची भीती न्हाय. पंका लावल्याच्या दुसऱ्या दिसापास्नं उगड्याच हायत. येती की झुळूक जराशी."

अण्णांनी कपाळावर हात मारला. विभूती हाताला लागली. "अय्यो देवा. खिडकीतनं आत आणि पंख्यातनं बाहेर! शेजारच्या शेजारी फिरतोय रे तो वारा. हितपर्यंत येतोय कशाला!" मग त्यांनी मान वर केली आणि दूरच्या टोकाला छताजवळच्या झडपांकडे बघितलं. "आणि त्या का बंद?"

"कबुतरं येतात म्हणून. तार बांदलीय. लई वर्सं झाली."

अण्णा साहेबांकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, चूक माझी. वारा जायची वाट बघत बसलो. यायची वाट बघितलीच न्हाई."

लगतच्या खिडक्या बंद झाल्या. नरसय्या शिडीवर चढला आणि त्यानं पक्कडीनं झडपांची तार तोडली. झडप उघडली तसा वर्षानुवर्षांचा कचरा खाली आला, त्यामागून एक कबूतर आत आलं आणि झेंडूची माळ घातलेल्या यंत्रावर ऐटीत बसलं. लोक हसले. अण्णा हसले नाहीत. ते जाऊन तिवईवर बसले होते.

"ग्यानबा, आता आण."

आबांनी ताजा धूप टाकला. ते शेवटच्या यंत्रापुढे उभे राहिले. धूर निघाला, हातभर वर चढला आणि वाकला. जणू कुणी त्याला बोटाला धरलं. मग तो यंत्रांच्या डोक्यावरून, एकामागून एक, माळांना शिवत, सबंध खातं ओलांडून निघाला. घाई नाही, झुळूक नाही. पापुद्राही फाटला नसता इतका हळू. आम्ही सगळे माना वळवून त्याच्यामागे बघत होतो. धूर पंख्यांशी पोचला आणि नाहीसा झाला.

"पोतुंदि रा!" शिडीवरून नरसय्या ओरडला. "जातंय रे, जातंय!"

आबा धुपाटणं हातात घेऊन उभे होते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, मुद्दाम घेतल्यासारखा. मग दुसरा.

पूजा मोडली म्हणून नवा नारळ आणून ती पुन्हा पहिल्यापासून केली. तो नारळ अण्णांनी फोडला. पंखे परत गेले नाहीत. कबुतरांसाठी झडपांना जाळी लागली, आणि ती जाळी घेण्यापूर्वी अण्णा छताखालच्या फळीवर तिवई नेऊन बसले होते असं नरसय्या सांगे. मला ते खरं वाटत नाही, पण खोटं म्हणायचंही धाडस होत नाही.

पंख्यांच्या मागे, भिंतीबाहेर, एक लिंबाचं झाड होतं. संक्रांतीपर्यंत ते पांढरं झालं. पानापानावर रुई. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत. आबा रोज सुट्टी झाली की त्या झाडाखाली उभे राहत. एकदा मला म्हणाले, "बग. ह्ये समदं माज्या छातीत जाणार हुतं."

त्याच सुमारास एका पहाटे आईनं मला हलवून उठवलं. तिचा चेहरा उतरला होता. "आबा खोकत न्हाईत रे," ती म्हणाली. तिनं त्यांच्या नाकाशी हात धरून बघितला होता, तरी तिची खात्री पटत नव्हती. मी जाऊन बघितलं. उशी भिंतीशी नव्हती. आबा सरळ आडवे झोपले होते आणि घोरत होते. आई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

काही वर्षांनी अण्णा नोकरीतून मोकळे झाले आणि मुलीकडे अक्कलकोटला राहायला निघाले. मी आणि आबा त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती, म्हणजे पूल चढून जायचा. हमाल पुढे आला, पण आबांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली. मी नको म्हणत होतो. अण्णांनी मला हातानं थांबवलं.

आबा पुढे, आम्ही मागे. आबा बोलत होते. नवीन पोरं यंत्राला तेल कसं देत नाहीत, नरसय्याच्या पोराचं लग्न, शेजाऱ्याची शेळी व्याली, तिला दोन करडं झाली. पायऱ्या संपल्या, पुलाचा माथा आला, आबा बोलतच होते, आणि तसेच बोलत पलीकडे उतरून गेले.

अण्णा मात्र माथ्यावर थांबले. काखेतली तिवई त्यांनी तिथंच, लोकांच्या वाटेत मांडली आणि तिच्यावर बसले. मला वाटलं दम लागला असेल. खाली आबा ट्रंक फलाटावर ठेवून वर बघत हाका मारत होते, "अण्णा, चला की! गाडी आली!" लांबून शिटी ऐकू येत होती.

"अण्णा, गाडी," मी म्हणालो.

"इरली, बी.ए.," ते म्हणाले, आणि आबांकडे बघत बसून राहिले.